थेंबे थेंबे टाकी बदले!

कॉमन रूममधली माशांची टाकी काढून टाकावी, असा सूर सध्या हॉस्टेलवर ऐकू येतोय. कारण काय, तर म्हणे "आपल्याकडे मासे टिकत नाहीत." दर सुट्टीनंतर दोन-चार गोल्डफिश गायब, मग वर्गणी, मग नवे मासे, मग पुन्हा तेच. माझं मत विचाराल तर मासे टिकत नाहीत हे साफ खोटं आहे. आपण त्यांना टिकू देत नाही! आणि त्यावरचा उपाय टाकी भंगारात देणं हा नाही. तिला थेंब थेंब पाणी देणारी एक नळी जोडणं हा आहे.

आधी आपण काय करतो ते बघू. तीन-तीन आठवडे टाकीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सबमिशन, ओरल, पीएल... वेळ कोणाला? मग गॅदरिंगच्या आदल्या दिवशी अचानक उत्साहाला उधाण येतं. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडी नळाखाली खळखळून धुतलेली, फिल्टरचा स्पंज पिळून काढलेला आणि टाकी कशी आरशासारखी लख्ख! चार दिवसांनी मासे पोट वर करून तरंगतात आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो.

खरं तर इथे मारेकरी आपणच. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. खडीवर आणि स्पंजमध्ये वाढलेले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही खडी क्लोरीनच्या पाण्यात धुतली की टाकीचा सगळा सफाई विभागच आपण एका दिवसात बडतर्फ करतो.

दुसरी गंमत पीएचची. हेच बॅक्टेरिया काम करता करता पाण्यातली अल्कलिनिटी खातात, त्यामुळे जुनं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. अशा पाण्यात अमोनिया बहुतांश अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. पण त्यात एकदम बोअरचं अल्कलाइन पाणी ओतलं की पीएच चढतो, आणि पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. म्हणजे घाण पाण्यात तग धरून असलेला मासा स्वच्छ पाण्यात मरतो! माशाला लख्ख पाण्यापेक्षा एकसारखं पाणी जास्त मानवतं, हा माझा मुद्दा आहे.

ठिबक पद्धत हेच करते. वरच्या ड्रममधून दिवसभर थेंब थेंब नवं पाणी पडतं आणि तेवढंच जुनं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं. केमिकलवाल्यांनी एव्हाना ओळखलंच असेल, हा आपला सीएसटीआर! १०० लिटरच्या टाकीला रोज १० लिटर दिलं, तर दहा दिवसांत मूळ पाण्यापैकी साधारण ६३ टक्के बदललेलं असतं आणि माशांना पत्ताही लागत नाही.

आता आकडेमोड प्रामाणिकपणे करू. समजा टाकीत रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. आठवड्याला एकदा निम्मं पाणी बदललं, तर नायट्रेट १४ ते २८ मध्ये वर-खाली होत राहतं. रोज १० लिटर ठिबकने दिलं, तर ते २० वर स्थिर होतं. पण पहिल्या पद्धतीत आठवड्याला ५० लिटर लागतात, ठिबकला ७०. ठिबकनेही ५० लिटरच दिले, तर आकडा कायम २८ वर राहील, कारण आत आलेल्या नव्या पाण्याचाही थोडा भाग ओव्हरफ्लोतून निघून जातो. म्हणजे निव्वळ पाण्याच्या हिशोबात बादलीच जिंकते, हे मान्य करायलाच हवं.

मग मी ठिबकच्या बाजूने का? कारण बादलीचं गणित 'दर आठवड्याला न चुकता' या गृहीतकावर उभं आहे. हॉस्टेलमध्ये दर आठवड्याला न चुकता काय होतं? रविवारची फीस्ट सोडली तर काहीही नाही! जी व्यवस्था कोणाच्या तरी उत्साहावर चालते ती परीक्षेच्या दिवसांत बंद पडणारच. गुरुत्वाकर्षणाला एटीकेटी लागत नाही, लाइट गेली तरी ते चालूच असतं.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. "इथे उन्हाळ्यात आंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही माशांवर उधळणार?" प्रश्न रास्त आहे. रोजचे १० लिटर म्हणजे अर्धी बादली. पण व्हरांड्यातल्या कुंड्यांना आणि बागेतल्या वाफ्यांना आपण रोज पाणी घालतोच ना? तेच पाणी आधी टाकीतून फिरवून मग झाडांना द्यायचं. वाटेत त्यात नायट्रेट मिसळतं, जे झाडांचं खतच आहे. ओव्हरफ्लोची नळी मोरीत सोडली तर मीसुद्धा या योजनेच्या विरोधात आहे. वाफ्यात सोडली तर वाया जाणारं पाणी जवळपास शून्य. फक्त टाकीत मीठ किंवा औषध घातलेलं असताना ठिबक बंद ठेवायचं आणि ते पाणी झाडांना द्यायचं नाही.

सामान काही परदेशातून आणायचं नाही. जळगावकडचे मित्र केळीच्या बागेतलं ठिबक बघतच मोठे झालेत. शेतातला साधा, ताशी २ लिटरचा ड्रिपर घ्या. हा दर साधारण १० मीटर पाण्याच्या दाबाला असतो आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पाण्याची पातळी ड्रिपरच्या ४५ सेंटिमीटर वर ठेवली, तर हिशोबाने दिवसाला १० लिटरच्या आसपास मिळतं. हा नुसता अंदाज, शेवटी मेजरिंग सिलिंडर लावून मोजायचंच. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे ड्रिपर मिळतात, ते मात्र इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. ड्रम रिकामा होईल तसा प्रवाह मंदावतो, म्हणून मध्ये एक छोटा डबा ठेवून त्याला कूलरचा फ्लोट बसवायचा. सलाईनचा सेटही चालतो, पण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर मिनिटाला १४० थेंब पाडावे लागतात आणि त्याची चकती सारखी सरकते.

ओव्हरफ्लोसाठी बाजूच्या काचेला, काठापासून दोन इंच खाली, दुकानातून भोक पाडून घ्यायचं. काच टफन्ड नाही ना, हे आधी बघा, नाहीतर ड्रिल लावताच चुरा! भोकाला जाळी लावा आणि ड्रिपर पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाणार नाही.

"पूर आला तर?" म्हणूनच थेट नळाला जोडायचं नाही. ड्रम आटला की ठिबक थांबलं. जाळी तुंबलीच, तरी सांडून सांडून किती सांडेल? ड्रममध्ये असेल तेवढंच. शिवाय आपल्याकडे नळ येतो ठरावीक वेळी, त्यामुळे ड्रम लागणारच. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा आपल्या पिण्याच्या पाण्याचा निकष आहे. ड्रममध्ये पाणी रात्रभर उघडं राहिलं की त्यातला बराचसा उडून जातो. फक्त तोंडाला सुती कापड घट्ट बांधा, नाहीतर माशांआधी डासांची पैदास व्हायची! आणि २०० लिटरचा भरलेला ड्रम रोज १० लिटरने २० दिवस पुरतो. दिवाळीची सुट्टी सहज निघते. वॉचमन काकांनी एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकलं की झालं.

ठिबक म्हणजे जादू नाही. खडीतला गाळ महिन्यातून एकदा नळीने ओढावा लागेलच. बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असेल, तर टाकीतलं त्याच्या खाली जाणार नाही. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बिस्किटाचा चुरा टाकणार असेल, तर कुठलंच तंत्रज्ञान त्या माशांना वाचवू शकत नाही.

चार वर्षं आपण कंट्रोल सिस्टिम, फ्लुइड मेकॅनिक्स, मास ट्रान्सफर घोकतो आणि पेपर झाला की विसरतो. हे सगळं एका काचेच्या टाकीत जिवंत दिसू शकतं. तेव्हा रेक्टर सरांना आणि तमाम हॉस्टेलवासीयांना एवढीच विनंती, की टाकी काढण्याआधी या पद्धतीला एक टर्म द्या. एका सुट्टीनंतर मासे मोजू आणि मगच काय ते ठरवू. बघा पटतंय का!