पाय धडधाकट असताना गोळी कशाला?

विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात, भंडारा-गडचिरोलीकडे, आशाताई गोळ्या घेऊन दाराशी आल्या की पुष्कळदा ऐकतात, “आमच्याकडं कुणाचाच पाय सुजला नाही.” हा पूर्वपक्ष अडाणीपणाचा म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही. औषध आजाऱ्याने घ्यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. ते इथे मात्र लागू पडत नाही.

हत्तीपाय हा या रोगाचा शेवटचा अंक. त्याआधी कितीतरी वर्षे जंत लसिकावाहिन्यांत राहून लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडत असतात. पिल्ले रक्तात फिरतात ती मुख्यतः रात्री, म्हणून तर पथके रात्री दारे ठोठावून रक्तनमुने घेतात. क्युलेक्स डास तीच पिल्ले शेजाऱ्याकडे पोहोचवतो. ज्याच्यापासून गल्लीत रोग पसरतो, त्याचे पाय ठणठणीत असू शकतात आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. गोळी त्याच्यासाठी आहे. वर्षानुवर्षे सुजलेला पाय तिने ओसरत नाही. म्हणूनच हत्तीपायाचे चित्र दाखवून धडधाकट माणसाला गोळी घ्यायला सांगणे ही मोहिमेचीच चूक आहे, असे माझे मत आहे.

गोळीने ताप येतो, ही तक्रार खरी आहे. डोके दुखते, गरगरते. हा त्रास बहुधा ज्याच्या रक्तातली पिल्ले मरतात त्यालाच होतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. हे आधी सांगायला हवे, आणि दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला कुणीतरी पुन्हा यायला हवे. लपवले की अफवा पसरते. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना ही औषधे देत नाहीत. इतरांनीही ती उपाशीपोटी घ्यायची नसतात.

“आधी गटारे साफ करा,” असेही म्हणतात. करायलाच हवीत, क्युलेक्स घाण पाण्यातच वाढतो. पण माणसातला जंत सहा-आठ वर्षे जगतो. गटार तुंबले की त्याची पिल्ले पुन्हा डासाला सापडतात. चीनने डीईसी हे हत्तीरोगावरचे औषध मिसळलेले मीठ घरोघरी पोहोचवून रोग संपवला; श्रीलंकेने वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या आणि 2016 मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हत्तीरोग संपवला. आपल्या देशात सामुदायिक औषधोपचार 2004 पासून चालू आहे. 2015 ची मुदत हुकली, आता 2027 चे लक्ष्य आहे. हुकण्याचे एक मोठे कारण साधे आहे: गोळ्या वाटल्या गेल्या, पण गिळल्या गेल्या नाहीत. त्या फडताळात राहिल्या. एकूण लोकसंख्येपैकी किमान 65 टक्के लोकांनी त्या खरोखर घेतल्याशिवाय साखळी तुटत नाही. म्हणून “समोरच घ्या” हा आशाताईंचा आग्रह मला जुलूम वाटत नाही.

एक मागणी मात्र शासनाकडे. ज्या घरात सुजलेला पाय आहे, तिथे गोळ्यांबरोबर पाय धुण्याची, जखम जपण्याची रीत शिकवणारे माणूस जावे आणि अंडवृद्धीच्या रुग्णाला शस्त्रक्रियेची तारीख मिळावी. वर्षानुवर्षे ज्याच्याकडे कुणी फिरकले नाही, त्याच्या मुलाला आपण गोळी गिळ म्हणत असतो.