सापाचे विष, घोडा आणि संगणक

पावसाळा लागला की सावंगी (मेघे)च्या आसपास कपाशी-सोयाबीनची निंदणी सुरू होते, आणि सापाची धास्तीही. सर्पदंशावर आज एकच खरे औषध आहे : प्रतिविषाची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. शंभराहून अधिक वर्षे हीच रीत आहे. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. पण घोड्याच्या प्रथिनांची काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ती दवाखान्यातच घ्यावी लागते.

आता दुसरी वाट दिसू लागली आहे. नागाच्या विषातले एक प्रथिन मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे अमेरिकेतील डेव्हिड बेकर यांच्या चमूने संगणकावर छोटी प्रथिने रचली. ती विषाला चिकटून त्याला निकामी करतात. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ८० ते १०० टक्के उंदीर वाचले.

माणसांवरच्या चाचण्या मात्र बाकी आहेत. शिवाय घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते. त्यावर ही प्रथिने नाहीत.

तोवर, भगिनींनो, घरात कुणाला साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, झाडफुकीत वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. सावंगी आणि सेवाग्रामची मोठी रुग्णालये आपल्या जवळ आहेत. दुआ गाडीत बसूनही करता येते.