‘आपल्या मुलांना हे कळायचे नाही’

‘आपल्या मुलांना हे कळायचे नाही.’ जळकोटमध्ये विद्यार्थ्यांना मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ दाखवावा असे आम्ही काही मित्रांनी ठरवले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिलेला हा अभिप्राय. ते वाङ्मयाचे उत्तम अध्यापक आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, काळजीच होती. तालुक्याचे गाव, मुले आसपासच्या वाड्यांवरून आणि तांड्यांवरून येणारी, घरी शेतीची कामे, चित्रपट पाहायचा तो मोबाइलवर. अशा मुलांपुढे ज्यात काही ‘घडत’च नाही असा चित्रपट ठेवणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे, असा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा आम्ही इतक्या ठिकाणी, इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे की त्याचा नीट विचार करणे आवश्यक वाटते.

प्रथम ‘न कळणे’ म्हणजे काय ते पाहू. कठीण समजले जाणारे सारेच चित्रपट एकाच कारणाने कठीण नसतात. लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी १९२९ साली केलेला ‘अँ शिएँ आंदालू’ घ्या. जेमतेम पाव तासाच्या या अतिवास्तववादी चित्रपटाच्या नावात आंदालुसियाचा कुत्रा आहे. चित्रपटात ना कुत्रा, ना आंदालुसिया. वस्तऱ्याने चिरलेला डोळा आणि तळहातातून बाहेर पडणाऱ्या मुंग्या या त्यातील प्रतिमा आज जगभर ओळखल्या जातात. ज्या प्रतिमेचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण देता येईल ती गाळायची, असा नियम दोघांनी पटकथा लिहिताना पाळला होता, असे बुन्युएल यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. म्हणजे येथे अर्थ लपवलेला नाही, मुद्दाम टाळलेला आहे. तो ‘कळला नाही’ म्हणून खंतावणारा प्रेक्षक जे तेथे ठेवलेलेच नाही ते शोधत बसतो. याउलट ‘उसकी रोटी’ची गोष्ट दोन ओळींत सांगता येते, तिथले कठीणपण काळाच्या हाताळणीत आहे. कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’मध्ये (१९८८) पुराणकथा, जाहिरातींची भाषा, शाळकरी विज्ञान, बेडूक आणि हिरे यांची अशी काही सरमिसळ आहे की एक धागा हाती येतो न येतो तोच दुसरा सुटतो. तीन चित्रपट, तीन प्रकारच्या अडचणी. ‘दुर्बोध’ या एकाच शब्दाने तिघांची बोळवण केली की विचार करण्याचे कष्ट तेवढे वाचतात.

या शब्दाचा आपल्याकडील इतिहासही बोलका आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा आरोप झाला तसाच दुर्बोधतेचाही झाला. तीच कविता आज पदवीच्या वर्गात शिकवली जाते आणि ती विद्यार्थ्यांना ‘झेपणार नाही’ असे आता कोणी म्हणत नाही. मधल्या काळात कविता बदललेली नाही; ती वाचण्याची सवय तयार झाली आहे.

त्याहून जुना दाखला गावोगावच्या कीर्तनात आहे. संतांच्या कूट रचनांतील ओसाड गावे, न भाजणारी मडकी, आंधळे आणि थोटे कारागीर यांना वास्तवाच्या कसोटीला लावले तर हाती काहीच लागणार नाही. तरीही एखादे कूट निरूपणासाठी घेतले की मंडपातला शेतकरी दोन-दोन तास ते ऐकत बसतो. ‘मला याची गोष्ट कळली नाही’ अशी तक्रार करून तो उठत नाही. उकल लगेच होणार नाही हे गृहीत धरूनच तो आलेला असतो. भारुडातील रूपके, पोतराजाचा अवतार, बहुरूप्याचे सोंग हे सारे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला तर्काबाहेरची प्रतिमा परकी नाही. ती पडद्यावर आली म्हणजेच तो बिचकेल असे मानायला आधार काय?

आता ‘उसकी रोटी’कडे वळू. मोहन राकेश यांच्या कथेवरचा हा चित्रपट १९६९-७० चा. तेव्हा मणी कौल पंचविशीत होते. बस चालवणारा सुच्चासिंग आठवड्यातून एखाद्या दिवशीच घरी येतो. त्याची बायको बालो रोज गावाबाहेरच्या थांब्यावर त्याची भाकरी घेऊन उभी राहते. एके दिवशी धाकट्या बहिणीची कोणी छेड काढल्यामुळे तिला निघायला उशीर होतो. रागावलेला नवरा भाकरी न घेताच गाडी पुढे काढतो आणि ती रात्रीपर्यंत तेथेच थांबते. बस, एवढेच.

या ‘एवढेच’चे कौल यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. छायाचित्रकार के. के. महाजन यांच्यासह त्यांनी मुख्यतः दोनच भिंगे वापरली. २८ मिलिमीटरच्या भिंगातून दूरपर्यंतचा परिसर स्पष्ट दिसतो; १३५ मिलिमीटरच्या भिंगात माणूस जवळ येतो आणि मागचे जग पुसट होते. आरंभी पहिले भिंग प्रत्यक्षासाठी आणि दुसरे बालोच्या मनातल्यासाठी अशी विभागणी आहे. चित्रपट पुढे सरकतो तशी ही विभागणी ढिली होत जाते, आणि समोर दिसते ते घडते आहे की तिच्या मनात चालले आहे हे सांगणे अवघड होते. संवाद सपाट स्वरात येतात, त्यांच्यामध्ये लांब विराम असतात. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली, ती वर्गात आपण बहुधा कवितेच्या उदाहरणांनी शिकवतो. या चित्रपटात ती डोळ्यांपुढे उलगडतात. दोन भिंगांतला विरोध आणि विरामांचा समतोल यांवरच त्याची रचना उभी आहे. कथानकाचा आधार काढून घेतल्यावर लय कशी उरते, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

तेव्हा जळकोटमधला तो प्रयोग. एका मित्राच्या घरची भिंत, मागून आणलेला प्रोजेक्टर, सतरा-अठरा मुलेमुली. आरंभी आम्ही मुद्दामच काही सांगितले नाही. पहिल्या अर्ध्या तासात पाच-सहा जण उठून गेले. एक जण झोपला. (आम्ही स्वतः हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा झोपलो होतो, हे येथे कबूल करायला हवे.) उरलेल्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. दिवे लागले तेव्हा बराच वेळ कोणी बोलेना, आणि सहकाऱ्यांचेच म्हणणे खरे होणार असे आम्हांला वाटू लागले. मग मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, ‘सर, शेवटी ती गाडी खरंच आली व्हती, का तिला नुस्तं वाटलं?’

भिंगांविषयी त्या मुलीला काहीही ठाऊक नव्हते. मणी कौल हे नावही तिने प्रथमच ऐकले होते. तरीही ज्या प्रश्नावर हा चित्रपट उभा आहे नेमका तोच प्रश्न तिने विचारला. तो कसा सुचला असे विचारल्यावर ती म्हणाली की फाट्यावर लई वेळ उभे राहिले की असेच होते. गाडीचा आवाज येतो आणि गाडी नसते. ती रोज एस.टी.ने कॉलेजला येते. त्यानंतर इतर बोलू लागले. एकाला बालोचा राग आला होता. एवढे होऊनही ती थांबते कशाला, असे त्याचे म्हणणे. दुसरा म्हणाला की ती नवऱ्यासाठी थांबतच नाही, घरी परत जाऊन करायचे काय म्हणून थांबते. रात्री उशिरापर्यंत वाद चालला. त्यांतले कोणीही ‘चित्रपट आवडला’ असे म्हणाले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

एका संध्याकाळवरून मोठे सिद्धांत काढू नयेत, हे आम्हांला मान्य आहे. पण आमच्या सहकाऱ्यांच्या विधानातली एक गोष्ट या प्रसंगामुळे उघडी पडली. मुलांना कळणार नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्यापाशी काय नाही याचा हिशोब करतो. चित्रपटाचे शिक्षण नाही, इंग्रजी पुस्तके नाहीत, पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय नाही, मुंबईतील ‘प्रभात चित्र मंडळा’सारखी जुनी फिल्म सोसायटी नाही. हा हिशोब खोटा नाही. पण त्यांच्यापाशी काय आहे हे त्यात कोठेच येत नाही. वाट पाहण्याचा जो अनुभव ‘उसकी रोटी’चा विषय आहे, तो महानगरातील रसिकापेक्षा त्या मुलीच्या अंगवळणी अधिक पडलेला आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ज्या भागात पाऊस, पीक आणि कर्ज यांची चिंता सुटत नाही तेथे असल्या चित्रपटांचे प्रयोजन काय? हा आक्षेप जुना आहे. कौल आणि कुमार शहानी यांचे आरंभीचे चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे सार्वजनिक पैशावर झाले, आणि लोकांना न कळणाऱ्या चित्रपटांवर लोकांचा पैसा का उधळावा असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. खुद्द सत्यजित राय यांनी शहानींच्या ‘माया दर्पण’वर आणि कौल यांच्या ‘दुविधा’वर टीका केली, ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ (१९७६) या पुस्तकात ती वाचता येते. राय यांच्यासारख्या कलावंताचा आक्षेप झटकून टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. या चित्रपटांत कोरडेपणाचा धोका आहेच.

परंतु पोटाच्या प्रश्नाचा आधार घेऊन केलेला युक्तिवाद आम्हांला पटत नाही. मराठवाडा पडद्यावर येतो तो बहुधा दुष्काळ, आत्महत्या किंवा विनोदी गावंढळपणा यांच्या रूपाने. येथील माणसाला स्वप्ने पडतात, त्याच्या मनात काळ मागेपुढे होतो, त्याला कारण नसताना भीती वाटते, हे जणू कोणाला ठाऊकच नसते. गरिबाला संदेश पुरे, गुंतागुंत परवडते ती खाऊनपिऊन सुखी असलेल्यालाच, असे मानणे ही सहानुभूतीच्या वेषातली अवहेलना आहे. त्याला भाकरी हवी याबद्दल वाद नाही. भाकरी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय चालले आहे हे पाहण्याचा हक्कही त्याला असावा, एवढेच आमचे म्हणणे.

अज्ञानाचा दोष मुलांवर ढकलताना आपण अध्यापकांनी स्वतःकडेही पाहावे. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ आपल्यापैकी कित्येकांनी शिकवले आहे. त्यावर १९७६ साली चित्रपट झाला होता हे किती जणांना माहीत आहे? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने तो केला. दिग्दर्शनात के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा यांची नावे एकत्र आहेत. मोहन आगाशे नाना फडणवीस आणि ओम पुरी घाशीराम. नाटकाचे चित्रीकरण करण्याऐवजी चित्रपटाच्या भाषेत त्याची फेरमांडणी करणारा हा प्रयोग आपल्याकडे विस्मरणात गेला. बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेने त्याची प्रत जपली म्हणून तो पुन्हा पाहता आला. ‘ओम दर-ब-दर’ही पूर्ण झाल्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने, २०१४ साली, चित्रपटगृहात लागला. भाऊ पाध्ये यांच्या कथेवर दिलीप चित्रे यांनी ‘गोदाम’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला; चित्रे यांच्या कवितेवर बोलताना त्याचा उल्लेख किती वेळा होतो? अलीकडे अक्षय इंडीकर यांचे ‘त्रिज्या’ (२०१९) आणि ‘स्थलपुराण’ (२०२०) हे मराठी चित्रपट परदेशी महोत्सवांत दाखवले गेले. तालुक्याच्या गावी त्यांची चर्चा पोचलीच नाही. खरे तर प्रयोग ही आपल्याकडे बाहेरून आलेली चैन नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून एक छोटा चित्रपट केला होता. नायक नाही, कथा नाही. बीज उगवते आणि आपण पाहतो. आपल्या चित्रपटाचा आरंभच अशा पाहण्यातून झाला आहे.

याचा अर्थ जे जे कळत नाही ते ते थोर, असा नाही. रिकामेपणावर गूढतेचे पांघरूण घालणारे चित्रपट पुष्कळ आहेत, आणि तार्कोव्हस्की-ब्रेसाँ ही नावे समोरच्याला गप्प बसवण्यासाठी वापरणारे रसिकही पुष्कळ आहेत. आमची कसोटी साधी आहे. दुसऱ्यांदा पाहताना चित्रपटात नवे काही दिसते का? दिसत असेल तर अडचण कामाची होती. पहिल्या वेळी न कळलेले दुसऱ्या वेळी नुसतेच कंटाळवाणे वाटत असेल तर ‘नाही आवडला’ असे निर्भयपणे म्हणावे. विद्यार्थ्याला हे म्हणण्याचे स्वातंत्र्य नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ आहे.

मग अध्यापकाने करावे काय? आधी फ्रॉइड, नंतर अतिवास्तववादाचा जाहीरनामा आणि शेवटी वेळ उरला तर चित्रपट, हा क्रम सोडावा. चित्रपट आधी दाखवावा, तोही एकत्र बसून. आज यांतले पुष्कळसे मोबाइलवर मिळते हे खरे, पण मोबाइलवर गती वाढवता येते, आणि या चित्रपटांची गती वाढवली की त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. नंतर ‘अर्थ काय?’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून ‘काय पाहिले? काय ऐकू आले?’ एवढेच विचारावे. सारांश आणि मध्यवर्ती कल्पना लिहून घेण्याची सवय आपणच मुलांना लावली आहे. त्यांना कविता अवघड जाते तीही याच सवयीमुळे. ती सुटली तर उपकार चित्रपटापेक्षा वाङ्मयावरच अधिक होतील.

आमचे सहकारी त्या संध्याकाळी आले नव्हते. त्या मुलीचा प्रश्न आम्ही त्यांना सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मग काय, गाडी आली होती की नाही?’ आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या वेळी येतो म्हणाले आहेत.