मोत्याचं कार्ड

मैत्रिणींनो, आपल्या आर्वीकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळून शेकतात. हात फिरवताना कुठं सूज आहे, कुठं कातडं सोललंय, हे शेतकऱ्याला आपोआप कळतं. गवळाऊ गाईबैलांचा हा मुलूख! जनावर धडधाकट असतानाच त्याची पाहणी करायची, ही रीत आपल्याला नवी नाही. पण दाराशी बसणाऱ्या कुत्र्याची, चुलीपाशी लुडबुडणाऱ्या मांजराची अशी पाहणी आपण करतो का?

खरं सांगू? मीही करत नव्हते. मोत्याला पहिल्या वर्षी इंजेक्शन दिलं, कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि विसरले. ‘धडधाकट तर आहे, कशाला न्यायचं ढोरांच्या दवाखान्यात?’ असं म्हणत दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी शेजारच्या काकूंचा नातू चेंडू घ्यायला आत आला आणि मोत्यानं त्याच्या पोटरीला दात लावला. काकूंनी एवढंच विचारलं, “याले इंजेक्शन देल्लं हाय ना जी?” मला उत्तर देता येईना.

जखम साबण लावून, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि पोराला लगेच दवाखान्यात नेलं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मोत्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. चावताना कुत्र्याला रेबीज असेल, तर तेवढ्या दिवसांत ते दिसून येतं. ते दहा दिवस मला घास गोड लागला नाही. मोत्या ठणठणीत राहिला, पोरगंही सुखरूप आहे. पण काकूंकडे मान वर करून बघायला मला बरेच दिवस लागले.

पाश्चरनं 1885 साली रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला दिली. म्हणजे उपाय हाताशी येऊन शंभरावर वर्षं झाली. मात्र एकदा लक्षणं दिसू लागली, की माणूस वाचणं जवळजवळ अशक्यच. म्हणून एवढं करा:

पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की डॉक्टरांना दाखवा. इतर रोगांच्या लशी तेव्हापासून सुरू होतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. जंताचं औषधही त्यांनाच विचारा, वजनाप्रमाणे मात्रा बदलते. मांजरालाही हे सारं लागतं बरं का!

वर्षातून एकदा तरी तपासणी हवीच. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची कितीतरी वर्षं. दात, कान, वजन, छाती बघितली की आजार लवकर कळतो. मुकं जनावर पोट दुखतं म्हणून सांगणार थोडंच!

घरी आठवड्यातून एकदा अंगावरून हात फिरवा. कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड असते, तिच्यामुळे ताप येतो. जेवण सुटलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर वाट बघू नका. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात सावली आणि पाण्याची कुंडी हवीच. धापा थांबत नसतील तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांकडे न्या.

आपल्या तापाच्या गोळ्या मात्र त्यांना कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते. कांदा, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं.

आणि तारीख लक्षात राहायला माझी युक्ती सांगते. दुधाचा खाडा मांडतो ना, त्याच कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं मोत्याचं नाव लिहून ठेवायचं. कार्ड आता माझ्याकडे पिशवीच्या तळाशी नसतं, देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असतं. परवा काकू हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी ते आपणहून वाचलं आणि नातवाला हाक मारली, “ये रे, काई नाई करत तो.”

तुमच्याकडचं कार्ड कुठं आहे? हा अंक बाजूला ठेवून आधी तेवढं बघून या, हं!