आरोग्यविचार : रक्तशर्करेचे अचूक माप

रक्तातील असंख्य द्रव्यांतून नेमके ग्लुकोज ओळखण्याचे काम प्रयोगशाळेत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर करते. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्याच्या साहाय्याने रंगहीन द्रव्यांपासून गुलाबी रंग उत्पन्न करते. रंग जितका गडद, तितकी साखर अधिक.

मात्र नळीतील रक्तपेशी जिवंतच असतात आणि सामान्य तापमानाला तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर खर्च करीत राहतात. घरी वा दुकानात घेतलेला नमुना दुपारपर्यंत पडून राहिल्यास मधुमेहही झाकला जाऊ शकतो. फ्लोराइडयुक्त नळी या घटीस आळा घालते, परंतु तत्काळ नव्हे. म्हणून नमुना शक्यतो प्रयोगशाळेत जाऊनच द्यावा. ‘क’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेत असल्यास तेही सांगावे, कारण तिच्यामुळे आकडा कमी दिसू शकतो.