तिसऱ्या रांगेत आजोबा बसणार आहेत

ऑगस्ट 2025 मध्ये टेस्लाने चीनच्या बाजारात ‘मॉडेल वाय एल’ ही तीन रांगांची, सहा आसनी गाडी 3 लाख 39 हजार युआनला आणली. याच गाडीची सात आसनी आवृत्ती अमेरिकेत 2021 पासून मिळत होती. तिथे मूळ सांगाडा तसाच ठेवून मागे दोन छोटी आसने कोंबली होती. चीनसाठी मात्र कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 15 सेंटिमीटरने वाढवून 3040 मिलिमीटरवर नेले आणि मधली सलग बैठक काढून दोन सुट्या खुर्च्या बसवल्या. अमेरिकेतल्या तिसऱ्या रांगेत पोरे बसतील असे गृहीत होते, चीनमधल्या रांगेत मोठे माणूस बसणार होते. हा फरक ग्राहकांच्या हौसेचा नाही. चिनी घराची घडण आणि तिथले सरकारी नियम यांतून तो आला आहे, आणि ज्यांना तो आधी उमगला त्यांनी बाजार मारला.

घर आधी पाहू. एक-मूल धोरण 2015 अखेर संपले, पण त्या धोरणात जन्मलेली पिढीच आज गाडी विकत घेते. नवराबायको दोघेही कमावते, दोघेही बहुधा एकुलते एक. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरे तोकडी. उलट निवृत्ती 2024 अखेरपर्यंत लवकरची होती: कामगार स्त्रियांना 50 व्या वर्षी, पुरुषांना 60 व्या. त्यामुळे नातवंड सांभाळायला आजी-आजोबा घरात येतात आणि अनेकदा राहतातच. आता हिशेब करा. चार मोठी माणसे आणि लहान मुलाची एक खुर्ची म्हटले तरी पाच आसनी गाडीची मागची बाजू गच्च होते. दुसरे मूल झाले की कुणीतरी घरीच थांबायचे. यात नियमांनी भर घातली. 2014 च्या सवलतीनुसार खासगी गाडीला पहिली सहा वर्षे तपासणी केंद्रावर नेण्याची गरज उरली नाही, पण सातआसनी गाड्यांना ही सूट 2020 च्या नोव्हेंबरपर्यंत नव्हती. सहा आसनांच्या गाडीला ती होती. 2012 पासून वसंतोत्सवासारख्या मोठ्या सुट्ट्यांत द्रुतगती मार्गांवरचा टोल माफ होतो, तोही सात किंवा कमी आसनांच्या गाड्यांनाच. दोन-दोन-दोन अशी मांडणी या चौकटीत चपखल बसली.

परदेशी कंपन्यांना तीन रांगा ठाऊक नव्हत्या असे नाही. टोयोटाची हायलँडर 2009 पासून ग्वांगझौत बनत होती आणि जादा पैसे मोजून लोक ती घेत होते. फोक्सवागनची टेरामॉन्ट 2017 मध्ये आली. ती अमेरिकेतल्या ॲटलासचीच बहीण. दोन्ही मुळात अमेरिकी उपनगरातल्या कुटुंबासाठी आखलेल्या. ‘ली ऑटो’ या चिनी कंपनीने 2019 अखेर ग्राहकांच्या हाती दिलेली सहा आसनी ‘ली वन’ मात्र चिनी घर समोर ठेवूनच काढलेली होती. चाके विजेवर फिरणार आणि लांबच्या प्रवासात बॅटरी भरायला छोटे पेट्रोल इंजिन, म्हणजे सणाला गावी जाताना चार्जिंगच्या रांगेची धास्ती नाही. 2023 मध्ये या कंपनीने पावणेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या आणि चीनच्या नव्या विद्युत-वाहन कंपन्यांत वर्षभराचा नफा दाखवणारी ती पहिली ठरली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: जन्मच घटत असताना मोठ्या गाड्या कशाला? 2016 मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून अधिक मुले जन्मली, 2023 मध्ये जेमतेम 90 लाख. पण आक्षेप घेणारा तिसरी रांग मुलांची धरून चालतो. एकच नातवंड असले तरी त्याच्यामागे आजी-आजोबा असतातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्षातले बरेच दिवस मागची आसने रिकामीच फिरणार, मग एवढे धूड शहरातून का ओढायचे? ही उधळपट्टी आहे, हे मान्य. मात्र बीजिंगमध्ये 2011 पासून नंबरप्लेट सोडतीने मिळते, शांघायमध्ये लिलावाने. रोजची छोटी आणि सणाची मोठी अशा दोन गाड्या ठेवायची सोयच नाही. जी एक मिळेल तिने सगळे निभवायचे. तेव्हा दोष द्यायचाच तर खरेदीदाराला देण्याआधी या नियमाला द्यावा. आणि ‘चीनसाठी गाड्या लांबवणे जुनेच, ऑडी ए-सिक्स-एल वीस वर्षांपूर्वीच नव्हती का?’ असे कुणी म्हटले, तर ती लांबी मागे बसणाऱ्या साहेबासाठी होती. गाडी चालवायला ड्रायव्हर होता. इथे सुकाणूवर मुलगा किंवा सून आहे.

‘ली ऑटो’ची विक्री 2025 मध्ये उतरली, म्हणून ही लाट ओसरली असे काढलेले अनुमान मला उतावळे वाटते. ग्राहकाने सहा आसनांकडे पाठ फिरवलेली नाही, दुकाने वाढली. निओ या चिनी कंपनीच्या ‘ऑन्व्हो’ ब्रँडने एल-90 आणली, आयटो या दुसऱ्या चिनी ब्रँडने एम-8 आणली, आणि शेवटी टेस्लालाही यावे लागले. मॉडेल वाय एल अमेरिकेत कदाचित कधीच बनणार नाही, असे टेस्लाचे इलॉन मस्क यांनी तेव्हा म्हटले होते. ज्या अमेरिकेत तिसरी रांग घरोघरी पोहोचली, तिथल्या कंपनीची अधिक नीट तिसरी रांग चीनला आधी मिळाली. फोक्सवागनची टायरॉन तर 2018 मध्ये फक्त चीनसाठी निघाली होती. आज तेच नाव सात आसनांसह युरोपात विकले जाते.

माझ्या मांडणीला खरा धोका जन्मदरापेक्षा दुसरीकडून आहे. जानेवारी 2025 पासून चीनने निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतले आहे. 15 वर्षांत पुरुषांचे ते 63 होईल, स्त्रियांचे कामानुसार 55 किंवा 58. आजी पाच वर्षांपर्यंत उशिरा मोकळी होणार असेल, तर नातवंडाला कुणी सांभाळायचे, आणि ती मुलाच्या घरी राहायला येणार की नाही, हे नव्याने ठरेल. गाड्यांचे आराखडे कागदावर उतरवणाऱ्यांनी बॅटरीच्या क्षमतेइतकेच निवृत्तीच्या या वेळापत्रकाकडेही लक्ष ठेवलेले बरे.