सॉफ्टवेअर भाड्याचं चालेल, वही भाड्याची नको

गेल्या आठवड्यात बिलिंग सॉफ्टवेअरच्या रिन्युअलचा मेसेज आला. नेऱ्यातल्या आपल्या इलेक्ट्रिकल-प्लंबिंगच्या दुकानासाठी तीन वर्षांपूर्वी ते घेतलं, तेव्हा वर्षाचे 2,400 रुपये दिले होते. यंदा 5,400, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 6,372. काउंटरवरच्या पोराला त्याच्या मोबाइलवरून बिल काढायचं असेल तर त्याचे वेगळे. (रेग्युलर जीएसटीत असाल तर ते वरचे 972 क्रेडिटमध्ये मिळतात. कंपोझिशनवाल्याला मिळत नाहीत.) कंपनीचं नाव घेत नाही. हा प्रकार एकाच कंपनीचा नाही.

व्हिडिओत मी यावर जरा तापलोच होतो. नंतर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. महिन्याला 531 रुपये. आमच्या दुकानात चहावर याहून जास्त जातात! आणि कंपनीचीही एक बाजू आहेच. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आलं, तेव्हा ते बदल कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये करून दिलेच ना. त्याचे पैसे लागणार.

मग मला एवढा राग कशाचा आला? मी कस्टमर केअरला विचारलं होतं, "नाही भरले पैसे, तर माझी जुनी बिलं दिसतील का?" उत्तर आलं, "सर, रिन्यू केलं की सगळं दिसेल."

तीन वर्षांची बिलं आणि मारुंजी, जांबे, कासारसाईपर्यंतच्या प्लंबर-वायरमन लोकांची उधारी त्यात आहे. ती बघायलाही भाडं द्यायचं! वडील दर दिवाळीला नवी वही घालायचे. जुन्या वह्या अजून माळ्यावर आहेत. उंदरांनी कडा कुरतडल्यात, पण कोणाकडे किती बाकी ते वाचता येतं. वही विकणारा कधी दारात येऊन म्हणाला नाही, की यंदाचे पैसे द्या नाहीतर वही उघडणार नाही.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळावी लागतात. 2023-24 च्या रिटर्नची तारीख 31 डिसेंबर 2024 होती. म्हणजे ती बिलं डिसेंबर 2030 पर्यंत हवीत. मधे नोटीस आली तर ती माझ्या नावाने येणार, सॉफ्टवेअर कंपनीच्या नाही. आणि कंपनीनेच गाशा गुंडाळला तर? क्विकबुक्स हे केवढं मोठं नाव! त्यांनी 2022 मध्ये भारतातली सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि 2023 मध्ये ती बंद झाली. डेटा काढून घ्यायला मुदत दिली होती, हे खरं. पण चालू धंद्यात सगळा हिशेब उचलून दुसरीकडे नेणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

म्हणून माझं मत असं, की किंमत नंतर बघा. आधी बाहेर पडायचा दरवाजा बघा. टॅलीचं कायमचं लायसन्स घेतलं तर दरवर्षीची टीएसएस न भरताही ते उघडतं आणि डेटा तुमच्याच कॉम्प्युटरवर असतो. अपडेट आणि ऑनलाइन सोयी तेवढ्या थांबतात. पण सुरुवातीलाच मोठी रक्कम जाते, नव्या माणसाला ती झेपत नाही, हे मला मान्य आहे.

ज्यांचं दुकान अजून सुरूच व्हायचंय त्यांनी तर घाईच करू नका. फक्त माल विकत असाल, तोही राज्यातच, तर वर्षाच्या 40 लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. सेवेच्या धंद्याला हीच मर्यादा 20 लाख आहे. तेवढ्यात एक्सेल आणि उधारीची वही पुरते. सेल्सवाला "ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालंय" म्हणून घाबरवतो, पण ते 5 कोटींच्या वरच्या उलाढालीला आहे. आपल्यातले किती जण तिथे पोचलेत, सांगा बघू!

मी शेवटी पैसे भरले, पण एकाच वर्षाचे. तीन वर्षांची सवलत सोडून दिली. आणि रविवारी दुकान बंद झाल्यावर सगळी बिलं आणि पार्टीवार खाती एक्सेलमध्ये काढून घेतली. चार तास गेले. त्यात एका प्लंबरने दिलेले 1,850 रुपये जमाच केले नव्हते असं सापडलं. तो बिचारा दोनदा सांगून गेला होता, आणि मी त्याला स्क्रीन दाखवून बाकी आहे म्हणत होतो. सोमवारी त्याला फोन केला.

आता दर महिनाअखेरीस ही फाइल काढतो. एक पेनड्राइव्हवर, एक सीएकडे. पुढच्या व्हिडिओत कशी काढायची ते दाखवतो. तोपर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअरचा डेमो बघितलात, तर सेल्सवाल्याला सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा. अन् प्लॅन संपल्यावरही निघतो का, ते त्याच्याकडून लेखी घ्या.